मायांच्या पडझडीचा आळ एकट्या पावसावर नको

मध्य अमेरिकेतल्या होंडुरासच्या पश्चिम सीमेलगत कोपान हे माया लोकांचं जुनं नगर आहे. तिथल्या एका चौकोनी कोरीव दगडाला अभ्यासक ‘वेदी एल’ म्हणतात. तिच्या दर्शनी बाजूवर दोन माणसं समोरासमोर बसली आहेत. एक कोपानचा सोळावा राजा याश पासाह् आणि दुसरा उकित तोक, त्याच्या गादीवर हक्क सांगणारा. तारीख इ.स. ८२२ ची आहे. मागच्या बाजूवर छिन्नीचं काम जेमतेम सुरू झालेलं दिसतं आणि उरलेल्या दोन बाजू कोऱ्या आहेत. याच याश पासाह्ने जवळपास अर्धशतक आधी दुसऱ्या एका वेदीवर घराण्याचे सोळाही राजे, एकेका बाजूला चार-चार, ओळीने बसवले होते. पुढच्या राजाचा दगड अर्ध्यावर राहिला तो राहिलाच.

माया राजे ठरावीक काळाने तारीखवार शिलास्तंभ उभारत, त्यामुळे कोणतं घराणं कधी गप्प झालं हे आपल्याला जवळपास वर्षानिशी सांगता येतं. पिएद्रास नेग्रासची शेवटची तारीख ७९५ ची. पालेन्केची ७९९ ची, आणि तीही दगडावर नाही, एका मातीच्या भांड्यावर. याश्चिलान ८०८, किरिग्वा ८१०, तिकाल ८६९, सेइबाल ८८९. दक्षिण मेक्सिकोतल्या तोनिना इथे ९०९ चा स्तंभ आहे, आणि तिथून पुढे मायांच्या दीर्घगणनेतली, म्हणजे दिवस सलग मोजत जाणाऱ्या त्यांच्या पंचांगातली, तारीख कोणत्याही स्मारकावर सापडत नाही. ग्वातेमालाचा पेतेन प्रांत, बेलीझ आणि आसपासचा सखल जंगली मुलूख, जिथे शतकानुशतकं देवळं, राजवाडे, चेंडूची मैदानं उभी राहत होती, तो शंभर-सव्वाशे वर्षांत ओस पडत गेला.

का? या प्रश्नाचं आज सगळीकडे एकच ठोक उत्तर दिलं जातं. दुष्काळ पडला आणि माया संपले. हवामानबदलावरच्या भाषणांत, माहितीपटांत, वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांत हे उत्तर इतक्या वेळा आलं आहे की आता ते पाठच झालं आहे. २०१२ साली जगबुडीच्या अफवेमुळे माया आपल्याकडच्या वाहिन्यांवर झळकले होते. ती अफवा निव्वळ थाप होती, तिच्याबद्दल बोलण्यात अर्थ नाही. दुष्काळाचं उत्तर मात्र थाप नाही, त्याला भक्कम पुरावा आहे. म्हणूनच त्याची नीट झडती घ्यायला हवी. माझं म्हणणं असं आहे की पाऊस हटला हे खरं, पण त्या राज्यांनी स्वतःला आधीच इतकं ठिसूळ करून ठेवलं होतं की कोसळण्याची जबाबदारी पावसावर टाकणं म्हणजे राजांना निर्दोष सोडणं आहे.

पुरावा आधी पाहू, आणि तो पूर्ण आदराने पाहू. १९९५ साली डेव्हिड होडेल आणि सहकाऱ्यांनी युकातानमधल्या चिचान्कानाब तळ्याच्या गाळाचा अभ्यास प्रसिद्ध केला. तळ्याचं पाणी आटलं की त्यात जिप्सम साचतं, आणि इ.स. ८०० ते १००० च्या दरम्यानच्या गाळात ते ठळक सापडलं. २०१८ मध्ये त्याच तळ्यातल्या जिप्समच्या स्फटिकांत अडकून राहिलेल्या पाण्याचं विश्लेषण झालं. त्यावरून वार्षिक पाऊस ४१ ते ५४ टक्क्यांनी घटला होता असं गणित निघालं. मध्ये २००३ साली व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यालगतच्या कारियाको खोऱ्यातल्या सागरी गाळाने ७६०, ८१०, ८६० आणि ९१० च्या आसपासचे कोरडे काळ दाखवले. नद्यांबरोबर वाहून येणारं टायटॅनियम कमी झालं, म्हणजे पाऊस कमी झाला, असा त्यामागचा तर्क. बेलीझमधल्या योक बालुम गुहेत ठिबकत्या पाण्याने साचलेल्या चुनखडीच्या थरांनी २०१२ मध्ये याला पुष्टी दिली. २०२५ मध्ये युकातानातल्या एका गुहेतला असाच चुनखडीचा खांब इतक्या बारकाईने वाचला गेला की वर्षाची सरासरी मागे पडून थेट पावसाळ्याचा हिशेब हाती आला. ८७१ ते १०२१ या काळात तीन किंवा अधिक वर्षं टिकलेली पावसाळी अवर्षणं आठ, आणि त्यातलं सर्वांत लांब १३ वर्षांचं. मक्यावर जगणाऱ्या माणसांना लागोपाठ १३ पावसाळे दगा देतात म्हणजे काय, हे कोरडवाहू शेती पाहिलेल्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

एवढं असताना शंका कसली? शंका नकाशाची आणि कालक्रमाची आहे.

पाण्याअभावी राज्यं बुडाली असती तर आधी कोरड्या भागातली बुडायला हवी होती. झालं उलटं. सर्वांत आधी कोलमडली ती पश्चिमेकडची, पासिओन आणि उसुमासिन्ता नद्यांच्या काठची. याश्चिलान उसुमासिन्ताच्या वळणावर वसलेलं, पिएद्रास नेग्रास त्याच नदीवर, आणि पालेन्के तर झऱ्यांचं गाव. आणि दक्षिण ओस पडत असताना उत्तर युकातानमध्ये, जिथे पाऊस मुळातच कमी, उश्माल आणि चिचेन इत्सा भरभराटीला आली. अवर्षणवादी याला उत्तर देतात, आणि ते उत्तर हलकं नाही. उत्तरेत जमिनीखालचं पाणी फार खोल नाही, चुनखडीची छतं ढासळून तयार झालेल्या नैसर्गिक विहिरींतून ते हाती लागतं. तिकालसारख्या नगरांत भूजल आवाक्याबाहेर होतं, तिथे पावसाचं पाणी साठवूनच वर्ष काढावं लागे. तिकालपुरतं हे पटतं. पण मग नदीकाठची नगरं आधी का पडली? पिण्याच्या पाण्याचा प्रश्न तिथे नव्हता, पिकांचा होता असं म्हणावं, तर त्याचीही तपासणी झालेली आहे.

ती झाली पासिओन नदीजवळच्या पेतेशबातून भागात, आणि इथे मी जरा थांबणार आहे, कारण सगळ्या वादात मला हा पुरावा सर्वांत बोलका वाटतो. दोस पिलास हे त्या भागातलं राजधानीचं ठाणं. ७६१ मध्ये तिथल्या राजाचा पराभव झाला. मागे राहिलेल्या लोकांनी राजवाड्याचे आणि देवळांचे घडीव दगड उपसून घाईघाईने तटबंदी उभी केली. ही भिंत चक्क कोरीव लेख असलेल्या पायऱ्यांवरून आणि वाड्याच्या चौकातून गेली आहे. काही अंतरावरचं आग्वातेका ८१० च्या सुमारास हल्ल्यात जळालं. ताकेशी इनोमाता यांच्या उत्खननात तिथल्या सरदारांच्या घरांत भांडी, हत्यारं, दागिने जिथल्या तिथे पडलेले मिळाले. माणसं हातातलं टाकून पळाली होती. कांकुएनमध्ये ८०० च्या सुमारास मारलेल्या ३० हून अधिक जणांचे सांगाडे एका पाण्याच्या कुंडात सापडले. ही उच्चकुलीन माणसं होती, अंगावर दागिने होते.

कोणी म्हणेल, ७६० चं अवर्षण आणि ७६१ चा पराभव, जुळतंय की! पण दोस पिलासच्या घराण्याची युद्धं त्याच्या शंभर वर्षं आधीपासून चालू होती. शिवाय आर्थर डेमारेस्ट यांच्या मोहिमेने या भागातली हाडं तपासली. हरणं काय खातात यावरून रान किती आणि मक्याचं शेत किती याचा अंदाज येतो. जंगल तुटून सगळीकडे शेतं झाली असती, तर हरणांच्या हाडांत मक्याचा अंश वाढला असता. तो वाढलेला दिसत नाही. माणसांच्या सांगाड्यांतही आहार खालावत गेल्याचा सर्वसाधारण कल सापडला नाही. म्हणजे रान शाबूत, अन्न शाबूत, आणि राज्य मात्र तटबंदीच्या आड शेवटच्या घटका मोजतंय.

अलीकडे जवळच्याच इत्सान इथल्या तळ्याच्या गाळावरून तिथला पाऊस त्या काळात फारसा हटला नव्हता असं मांडलं गेलं आहे. तरीही तिथली वस्ती शेजाऱ्यांबरोबरच विरली. याचा अर्थ दुष्काळ नव्हताच असा नाही. एका राज्याचं संकट व्यापार, युद्ध आणि निर्वासितांच्या वाटेने दुसऱ्याच्या दारात जात होतं, असा आहे.

युद्ध हे पडझडीच्या काळात अचानक आलेलं दुखणंही नव्हतं. तिकाल आणि कालाक्मुल ही दोन मोठी राज्यं आपापले मांडलिक गोळा करून दीड-दोन शतकं एकमेकांवर टपून होती. ५६२ मध्ये तिकाल हरलं, ६९५ मध्ये त्याने कालाक्मुलचा पराभव केला. ६९७ मध्ये उत्तर पेतेनमधलं वित्सना हे नगर जाळल्याची नोंद शिलालेखात आहे, आणि जवळच्या तळ्याच्या गाळात त्याच सुमाराचा कोळशाचा जाड थर आहे. तेव्हा मोठ्या अवर्षणांचा पत्ताही नव्हता.

जुन्या मांडण्यांपैकी साथीच्या रोगाची मला सोडून द्यावीशी वाटते, तिच्यामागे ठोस काही नाही. परकीय आक्रमणाची एके काळी चलती होती. सेइबालच्या ८४९ च्या स्तंभांवरचा राजा परका वाटतो एवढ्यावर ती उभी होती. पण लेख वाचता आले तेव्हा कळलं की त्याला तिथे आणून बसवणारा उकानालचा राजा होता, आणि उकानाल पेतेनमधलंच एक राज्य.

जंगलतोडीची मांडणी जास्त दमदार आहे. २०१८ मध्ये विमानातून लेसर किरणांनी, म्हणजे लिडारने, २,१४४ चौरस किलोमीटर जंगलाखालची जमीन पाहिली गेली आणि ६१,४८० बांधकामं मोजली गेली. त्यावरून मध्य सखल प्रदेशाची लोकसंख्या ७० लाख ते १ कोटी १० लाख असावी असा अंदाज निघाला. इतकी माणसं, प्रत्येक भिंतीला चुन्याचा गिलावा आणि त्या चुन्याच्या भट्ट्यांना लाकूड, तेव्हा रान तुटलं असणारच. पेतेनच्या तळ्यांच्या तळाशी धुपून आलेल्या मातीचे जाड थर आहेत. मात्र याच मांडणीचं ठळक उदाहरण म्हणून दाखवलं जाणारं कोपान उलटलं. आधीच्या परागकणांच्या अभ्यासाने तिथे डोंगर उघडे पडल्याचं म्हटलं होतं. २०१० च्या नव्या नमुन्यांनी राज्याच्या उत्तरार्धात तिथलं रान उलट वाढत असल्याचं दाखवलं. या लोकांना जमीन सांभाळता येत नव्हती हे म्हणणं मला तर अन्यायाचं वाटतं. बेलीझमधल्या काराकोल नगराच्या डोंगरांवरच्या मैलोन्‌मैल मजग्या, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांची शेतं, आणि दलदलीत उचलून बांधलेली शेतं वेगळीच साक्ष देतात.

उरली शेतकऱ्यांच्या उठावाची मांडणी. ब्रिटिश अभ्यासक एरिक थॉम्पसन यांनी ती विसाव्या शतकाच्या मध्यावर केली. पुरोहितांच्या मागण्या वाढत गेल्या, शेतकऱ्यांनी त्यांना झुगारलं, असं त्यांचं म्हणणं. थॉम्पसन यांच्या नजरेतले माया शांतताप्रिय, तारे मोजणारे होते. १९५२ मध्ये युरी क्नोरोझोव्ह यांनी माया लिपीत ध्वनिचिन्हं असल्याचं दाखवलं. १९६० मध्ये तातियाना प्रोस्कुरियाकोफ यांनी स्तंभांवरच्या तारखा राजांच्या जन्माच्या आणि राज्यारोहणाच्या असल्याचं ओळखलं. शांत पुरोहितांचं चित्र पुसलं गेलं, आणि त्याच्याबरोबर उठावही अडगळीत गेला. तो पूर्णपणे जायला नको होता.

कारण माया राजा नुसता कर घेणारा धनी नव्हता. त्याची पदवी होती ‘कुहुल अहाव’, दिव्य स्वामी. तो स्वतःचं रक्त काढून देवांना आणि पूर्वजांना अर्पण करी, काळाची आवर्तनं पुरी झाली की विधी करी, आणि त्यातून पाऊस, मका, विश्वाची घडी टिकते असा दावा करी. देवळं, स्तंभ, युद्धात पकडलेले कैदी हे सगळं त्या दाव्याचं प्रदर्शन होतं. आठव्या शतकात घराणी वाढली, उपराजे वाढले, प्रत्येकाला आपला वाडा, आपला स्तंभ, आपलं युद्ध हवं झालं. या सगळ्याचा खर्च मक्याच्या शेतातूनच येणार होता. अशा व्यवस्थेत पाऊस हटला तर ते राजाचं अपयश ठरतं, कारण पाऊस आपण आणतो हे त्यानेच लोकांना पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेलं असतं.

तिकालचं उदाहरण पाहा. तिथले फरसबंद चौक उतार देऊन बांधलेले, पावसाचं पाणी वाहत तलावांत जाई. उत्तम योजना. पण २०२० च्या अभ्यासात राजवाड्याजवळच्या आणि देवळाजवळच्या तलावांच्या गाळात पारा भरपूर सापडला. इमारती आणि वस्तू हिंगुळाने, म्हणजे पारा असलेल्या खनिजाने, लाल रंगवल्या जात, तो पावसाने धुऊन पाण्यात उतरत होता. त्याच गाळात विषारी शैवालाच्या खुणाही मिळाल्या. थोड्या दूरच्या तलावांचं पाणी त्या मानाने स्वच्छ होतं. सत्तेचा झगमगाट जिथे सर्वाधिक, तिथलंच पाणी सर्वांत बिघडलेलं.

आणि उकानाल. तिथल्या एका पिरॅमिडच्या भरावात आधीच्या राजघराण्यातल्या माणसांची हाडं आणि हिरव्या दगडाचे शेकडो अलंकार जळालेल्या अवस्थेत सापडले. थडग्यातून बाहेर काढून, जाळून, दगडमातीत टाकून दिलेले. काळ ७७३ ते ८८१ च्या मधला. याच सुमारास तिथे पापमालील नावाचा नवा शासक दिसू लागतो. काराकोलच्या ८२० च्या एका वेदीवर तो काराकोलच्या राजासमोर बरोबरीच्या नात्याने बसला आहे, कोणी कोणाच्या पायाशी नाही. या बदलानंतर उकानाल ओस पडलं नाही. तिथे बांधकामं होत राहिली. ज्या शतकाला आपण सरसकट पडझडीचं म्हणतो, त्याच शतकात एका नगराने जुनं घराणं जाळून नवी घडी बसवण्याचा प्रयत्न केला आणि काही काळ तो साधला. हवामान शेजाऱ्यांसारखंच होतं, फरक राजकारणात होता.

थॉम्पसन यांनी कल्पिलेला शेतकऱ्यांचा उठाव तो हाच, असं मी म्हणणार नाही. पण रयतेने राजांवरचा विश्वास काढून घेतला, आणि बहुतेक ठिकाणी तो निघून जाऊन काढून घेतला, हे मला सर्वांत पटणारं स्पष्टीकरण वाटतं. दुष्काळाने त्या विश्वासाची परीक्षा घेतली. युद्धखोरी आणि हव्यासाने परीक्षेआधीच तो झिजवला होता.

लोक गेले कुठे हा प्रश्न म्हणून महत्त्वाचा. बेलीझमधलं लामानाय कधी ओस पडलंच नाही, स्पॅनिश आले तेव्हाही तिथे वस्ती होती. उत्तरेत चिचेन इत्सानंतर मायापान उभं राहिलं आणि पंधराव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकलं. पेतेन इत्सा तळ्यातल्या बेटावरचं नोहपेतेन हे शेवटचं स्वतंत्र माया राज्य स्पॅनिशांनी १६९७ मध्ये घेतलं. मायांच्या पोथ्या पावसाअभावी नाहीशा झाल्या नाहीत, १५६२ मध्ये मानी गावात दिएगो दे लांदा या पाद्र्याने त्या जाळल्या. आजही लाखो लोक किचे, केक्ची, माम, युकातेक अशा सुमारे ३० माया भाषा बोलतात. ‘लुप्त झालेली संस्कृती’ हे शब्द त्यांच्यासमोर उच्चारताना लाज वाटायला हवी. ग्वातेमालाच्या १९६० ते १९९६ च्या यादवीत दोन लाखांहून अधिक माणसं मारली गेली किंवा बेपत्ता झाली. १९९९ च्या सत्यशोधन आयोगाच्या अहवालानुसार ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते. त्यांना संपवण्याचा प्रयत्न झाला तो अगदी अलीकडे, आणि माणसांनी केला.

यावर एक आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो घेणारे माझ्याच बाजूचे आहेत. ते म्हणतात, हवामानाचं संकट दारात असताना अशी फोड करत बसलात तर लोक ते गंभीरपणे घेणार नाहीत. मला उलट वाटतं. ‘दुष्काळ पडला, संस्कृती बुडाली’ हे ऐकून माणूस फक्त घाबरतो, आणि आभाळाकडे पाहतो. तलाव कोणी बिघडवले, धान्य कुठे गेलं, युद्धाचा खर्च कोणी काढला, हे विचारायचं त्याला सुचत नाही. आपल्याकडे १९७२ ला पाऊस गेला, पिकं करपली, पण सरकारला कामं काढावी लागली आणि १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसं त्या कामांवर होती. हाल झाले, स्थलांतरं झाली, पण १८७६-७८ सारखा भूकबळींचा खच पडला नाही. १८७६-७८ मध्ये देशातून धान्य निर्यात होत राहिलं होतं.

ग्वातेमालाच्या चिकिमुला जिल्ह्यात, होंडुरासच्या सीमेला लागून, चोर्ती लोक राहतात. शिलालेखांतल्या भाषेच्या जवळच्या नातलगांपैकी एक भाषा ते आजही बोलतात. २००१ मध्ये तिथल्या होकोतान आणि कामोतान भागांत भूक पसरली, मुलं दगावली. बातम्यांत कारण आलं, अवर्षण. अवर्षण होतंच. पण त्याच काळात जागतिक बाजारात कॉफीचे भाव कोसळले होते आणि मळ्यांवरची मजुरी बंद झाली होती. चोर्ती शेतकऱ्याकडे डोंगरउताराचा लहानसा तुकडा, चांगली सपाट जमीन दुसऱ्यांकडे, आणि मका विकत घ्यायला पैसा नाही. या कोरड्या पट्ट्यातून अमेरिकेकडे निघालेल्या माणसांना हल्ली हवामानाचे निर्वासित म्हणतात. तसं म्हणायला हरकत नाही, पण त्याच वाक्यात जमिनीचा आणि मजुरीचाही उल्लेख यायला हवा.